हात चालू ठेव, तोंड थांबव

लेकी, पोर काही सांगायला लागलं की हातातलं काम थांबवू नकोस, फक्त तोंड थांबव. शेंगा फोडत असलीस तर फोडत राहा, मेथी निवडत असलीस तर निवडत राहा. मूल शेजारी येऊन बसेल, दोन काड्या तेही निवडेल आणि जे चार दिवस पोटात दाबून ठेवलंय ते हळूच बाहेर काढेल. समोर बसवून "बोल, काय झालंय तुला?" असं विचारलं की त्याला ती चौकशी वाटते, आणि चौकशीत माणूस लपवतोच. शिरूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये माझी सगळी नोकरी झाली. वर्गात हात वर करून कुणी आपलं दुःख सांगितल्याचं मला आठवत नाही. पोरांनी सांगितलं ते फळा पुसताना, झाडांना पाणी घालताना, खिचडीची ताटं धुताना.

जावईबापूंनाही हेच सांग. सुट्टीवर आले की थोरल्याला मोटारसायकलवर मागं बसवून दौंडहून पाटसपर्यंत जाऊन यावं. काम नसलं तरी जावं. तोंडं एकमेकांकडे नसली की वयात येणारे मुलगे बापाशी बोलतात.

तोंड थांबवायचं म्हणजे चार वाक्यं गिळायची. "एवढंच ना?" हे पहिलं. "तूच काहीतरी केलं असशील" हे दुसरं. तिसरं, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." चौथं तुला चांगलं वाटेल, पण तेही तितकंच घातक आहे: "थांब, उद्या येते शाळेत, बघतेच त्याच्याकडे." पोराला लगेच न्याय नको असतो गं. आपली गोष्ट कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावी, एवढंच हवं असतं. तू मध्येच उठून भांडायला निघालीस की त्याला वाटतं, सांगून नवीन संकट ओढवून घेतलं. पुढच्या वेळी ते गप्प बसतं.

त्याऐवजी त्याचंच म्हणणं त्याला परत सांगायचं. "म्हणजे सगळ्यांसमोर तुझं नाव घेऊन हसले, आणि तुला लाज वाटली." एवढं म्हण आणि थांब. बरोबर असेल तर मान हलवेल. चुकलं असेल तर "लाज नाही, राग आला" असं तेच दुरुस्त करेल. आपल्याकडे पोरांना राग आणि रडू, दोनच गोष्टी ठाऊक असतात, कारण घरात बाकीच्यांचं नावच कुणी घेत नाही. धास्ती, हेवा, हुरहूर, अपमान, एकटं पडल्यासारखं वाटणं, हे शब्द तुझ्या तोंडून त्यांच्या कानावर पडू देत. ज्याला नाव देता येतं ते सांगताही येतं. आणि "मुलगा असून रडतोस काय" हे वाक्य तुझ्या घराच्या उंबऱ्याआत कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नकोस, सासऱ्यांच्याही नाही.

एक वचन मात्र पोरांना उघड, शब्दांत दे: सांगितलं म्हणून कधी मार बसणार नाही. काच फोडली तर काचेचे पैसे खाऊच्या पैशातून कापून घे, त्याला ना नाही. पण खरं सांगितल्याची शिक्षा कधीच नको. हे वचन एकदा मोडलं की ते पुन्हा उभं करायला वर्षं जातात. शाळेतली छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद केली. घरातली आपण आपल्या हातांनी बंद करायची.

आता बिबट्याचं बोलते, कारण ते माझ्या मनातून जात नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतच्या पट्ट्यात बिबट्यानं तीन माणसांचा बळी घेतला. त्यात दोन लहान लेकरं होती. लोक मंचरला जाऊन पुणे-नाशिक रस्ता अडवून बसले, पिंजरे लागले, शेवटी वनखात्यानं नरभक्षक बिबट्याला गोळ्या घातल्या. त्या दिवसांत पिंपरखेडची माणसं, बायासुद्धा, गळ्यात खिळे लावलेले पट्टे घालून शेतात जायला लागली. मोठ्यांनी ते जीव वाचवायला केलं, योग्यच केलं. पण विचार कर, सकाळी आई गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधून उसाकडे निघालीय आणि दारात उभं राहून सहा वर्षांचं पोर ते पाहतंय. त्याच्या मनात दिवसभर काय चाललं असेल? त्यानं वहीत काय लिहिलं असेल?

अशा वेळी पोरांचं काय होतं ते नीट ओळखायला शीक. तुमच्या भीमाकाठालाही ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. चांगलं कोरडं झोपणारं पोर अंथरूण ओलं करायला लागतं. शाळेच्या वेळेला पोटात दुखतं आणि साडेअकराला आपोआप राहतं. ते सोंग नसतं, दुखतंच. सात वर्षांची पोर पुन्हा पदर धरून फिरते, मोरीपर्यंतही एकटी जात नाही. काहीजण उगाच चिडतात, भावंडाला मारतात. आणि बरीच लेकरं खेळात एकाला बिबट्या करतात, बाकीची पळतात, एकाला धरून नेतात, पुन्हा पहिल्यापासून खेळ. हे पाहून मोठी माणसं ओरडतात, "असला अभद्र खेळ खेळू नका." खेळू दे त्यांना. तोंडानं जे सांगता येत नाही ते लेकरू खेळून सांगतं. आपण फक्त जवळपास असावं. खेळाचा शेवट रोज मरणातच होत असेल तर हळूच विचारावं, "आता गावातली माणसं काय करतील?" पोरं स्वतःच बॅटऱ्या आणतात, पिंजरा आणतात, कुणीतरी धावून येतं. शेवट बदलला की चेहरा बदलतो, हे मी पाहिलंय.

"काही नाही, घाबरू नकोस, बिबट्या येत नाही," असं खोटं सांगू नकोस. बिबट्या येतो, हे त्याला माहीत आहे. तू खोटं बोललीस तर भीती तशीच राहते, आणि वर आई खरं सांगत नाही हेही कळतं. खरं सांग, पण त्याच्या वयाएवढं सांग. "हो, बिबट्या आहे. तो उसात राहतो. संध्याकाळी आणि पहाटे जास्त हिंडतो. म्हणून आपण दिवे लागायच्या आत घरात येतो. उसाच्या कडेला वाकून किंवा उकिडवं बसायचं नाही. चौघं मिळून जायचं, बोलत जायचं." आणि मग त्याच्या हातात एक काम दे. बॅटरी चार्जिंगला लावायची जबाबदारी त्याची. सांजेला गोठ्याचा दिवा लावायचा, मोठ्यांबरोबर जाऊन, तो त्यानं. वनखात्याचा १९२६ हा नंबर पाठ करून घ्यायचा आणि आजोबांना शिकवायचा. भीतीला काम दिलं की ती ताब्यात राहते. नुसता धीर देऊन भागत नाही.

मोबाईलवर येणाऱ्या त्या चित्रफिती मात्र पोरांसमोर लावायच्याच नाहीत. कुणाच्या अंगणातल्या कॅमेऱ्यात कुत्रं उचलून नेताना दिसलं, की घरोघरी दिवसातून दहा वेळा तेच चालतं. मोठ्याला ते एकदाच घडलेलं असतं. चार वर्षांच्या पोराला दर वेळी नवा बिबट्या, नवं कुत्रं. आणि "जेव, नाहीतर बिबट्याला बोलावीन" हे बोलणाऱ्या आत्याबाईंना तू स्पष्ट थांबव. पाहुणी असली तरी थांबव. ज्या माणसानं राखायचं त्यानंच भीती घातली तर पोरानं कुणाकडे बघायचं?

महिन्याभरात यातलं बरंचसं आपोआप ओसरतं. रोजचं वेळापत्रक जागेवर ठेवलं, रात्री जवळ घेऊन झोपवलं, शाळा बुडू दिली नाही तर ओसरतंच. अंथरूण ओलं झालं तर चादर बदलायची, बोलायचं नाही, शेजारणीला सांगायचं नाही. पण महिना उलटला आणि झोप, जेवण, शाळा, खेळ यांतलं काहीच ताळ्यावर येत नसेल, तर दवाखान्यात दाखवायचं. दृष्ट काढायची असेल तर काढ, मी तुला अडवत नाही. आजीनं मिठा-मोहऱ्यांनी दृष्ट काढली की पोराला आपल्यासाठी कुणी काही करतंय असं वाटतं, त्यात वाईट काही नाही. पण दृष्ट काढून झाली म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळायचं नाही. देवऋष्याकडे तर न्यायचंच नाही. तिथं पोराच्या अंगात काही शिरलंय असं चारचौघांत ठरवतात, आणि घाबरलेलं लेकरू स्वतःलाच घाबरायला लागतं.

तुझ्या घरची गोष्ट वेगळी आहे. जावईबापू राज्य राखीव पोलीस दलात. दौंडला गट क्रमांक ५ आणि गट क्रमांक ७, दोन्ही आहेत, त्यामुळे तुझ्यासारख्या कितीतरी जणी तिथं एकट्यानं घर चालवतात. गणपती आले की बंदोबस्त, निवडणूक आली की परमुलूख, कधी गडचिरोली. रेल्वेत गाड्यांवर जाणाऱ्यांच्या घरीही तेच, आणि आमच्याकडे रांजणगावच्या एमआयडीसीत नाईट करणाऱ्यांच्या घरीही तेच: बाप घरात असतो तेव्हा झोपलेला असतो. बाप नसण्यानं पोरं बिघडतात असं मी मानत नाही. बाप कधी जाणार, कधी येणार हे न कळण्यानं पोरं कासावीस होतात. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार हे ठाऊक असलं की शेतकरी कोरड्या दिवसांतही धीर धरतो, तसंच आहे हे.

म्हणून धाकटी झोपलेली असताना जावईबापूंनी गुपचूप बॅग उचलून निघू नये. तिला उठवावं, "मी चाललो, अमुक दिवशी येईन" असं सांगावं. ती रडेल. रडू दे. त्या रडण्याला आपण भिऊन पोरांना फसवतो, आणि मग ती रोज रात्री दाराकडे बघत झोपतात, की आज कोण निघून जाईल. भिंतीवरच्या कालनिर्णयावर परतायच्या तारखेला तिलाच गोल काढायला लाव. तारीख पुढे गेली तर गोलही पुढे सरकवायचा, तिच्यासमोर, खरं कारण सांगून. फोन रोज होणार नसेल तर रोज करीन म्हणू नये. आठवड्यातून दोनदा म्हणावं आणि दोनदा करावाच. आणि फोनवर पहिला प्रश्न "अभ्यास केला का?" नसावा. "आज डब्यात काय होतं, शेजारी कोण बसलं होतं," हे विचारावं. एवढ्यावर पोरं दहा मिनिटं बोलतात.

तूही एक कर. "येऊ देत बाबा, सांगते त्यांना" ही धमकी बंद. महिन्यानं दारात आलेल्या माणसाच्या हातात तक्रारींची यादी द्यायची आणि त्यानं आल्या आल्या ओरडायचं, म्हणजे पोरांनी बापाच्या येण्याची वाट का बघावी? पहिले दोन दिवस नुसतं जेवण, गप्पा, भीमेच्या पुलापर्यंत फेरी. बाकी तिसऱ्या दिवशी.

रोजच्या वेळापत्रकाचा आग्रह मी का धरते, तेही सांगते. दौंडहून पुण्याला येताना केडगाव लागतं, ते स्टेशन तू शेकडो वेळा पाहिलंस. १८९७ च्या सुमाराला दुष्काळात उपाशी, पोरक्या झालेल्या मुली पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी घर उभारलं. रमाबाईंनी स्वतः कोवळ्या वयात, १८७४ मध्ये, उपासमारीत आईवडील गमावले होते. या मुलींना काय लागेल ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्यांनी नुसतं अन्न दिलं नाही. शाळा दिली, शेती, विणकाम, छापखाना दिला. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच केडगावच्या छापखान्यात छापलं गेलं. जिचं सगळं गेलंय तिला उद्या सकाळी उठून कुठं जायचंय, काय करायचंय आणि कुणाशेजारी बसायचंय हे ठाऊक असणं, याचं मोल त्या बाईला कळलं होतं. घरात कुणी गेलं, आजारपण आलं, पैशाची ओढ लागली, तरी पोरांची उठायची, जेवायची, झोपायची वेळ शक्यतो हलवायची नाही, हा माझा आग्रह तिथूनच आलाय. आणि मरणाची गोष्ट पोरांपासून लपवायची नाही. आजोबा गेले तर "गावाला गेले" म्हणायचं नाही. "गेले, आता परत येणार नाहीत, आपल्याला त्यांची आठवण येईल," असं सांगायचं.

थोरला दहावीत गेलाय. त्याच्याबद्दल मला जास्त काळजी आहे, कारण तो कमी बोलतो. टक्क्यांवरून चुलतभावाशी तुलना आजपासून बंद. निकालाच्या दिवशी तुम्हा दोघांपैकी एकानं रजा काढून घरी थांबायचं. आधी त्याला जेवू घालायचं, मग निकाल बघायचा, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय भाऊबंदांच्या ग्रुपवर टक्के टाकायचे नाहीत. विषय राहिला तर २०१५ पासून फेरपरीक्षा लगेच जुलैच्या सुमाराला होते, वर्ष जात नाही. हे त्याला निकालानंतर नको, आत्ताच सांगून ठेव. आणि पुस्तकात मन न रमणाऱ्या मुलांसाठी डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये आपल्याच तालुक्यात, पाबळला, विज्ञान आश्रम काढला. हातानं काम करत शिकणाऱ्या मुलांचं तिथं भलं झालं. मार्ग एकच नाही, हे पोराला पटवायचं असेल तर आधी आईबापाला पटलेलं असावं लागतं.

पुढचं बोलणं जड आहे, पण ऐक. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वर्षांच्या दर ७ मुलांमागे एकाला मनाचा काही ना काही आजार असतो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात आठ-नऊ जण. ही मुलं कुठल्या दुसऱ्या गावात नसतात. थोरला दोन आठवड्यांहून जास्त खचलेला दिसला, आवडीचं क्रिकेटही नको म्हणाला, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, "मी नसलो तर तुमची कटकट जाईल" असं सहज म्हणाला, तर ते सहज घेऊ नकोस. सरळ विचार, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट, आतल्या आत कुढणाऱ्या पोराला पहिल्यांदा श्वास मोकळा घेता येतो. हो म्हणाला तर रडू नकोस, शपथा घालू नकोस. जवळ बस, एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने.

आणि आपल्या शेतकरी घरांत ही गोष्ट कुणी सांगायची वाट न बघता करायची: फवारणीची औषधं घरात, पडवीत, मोरीच्या वर ठेवायची नाहीत. शेतावर पेटी, पेटीला कुलूप, किल्ली एका मोठ्या माणसाकडे. तो अंधारा क्षण बहुतेकदा टळून जातो. तो टळेपर्यंत हाताशी काही नसावं.

१४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासाबद्दल बोलायचा नंबर आहे. केंद्र सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केला. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पोरासाठी आईनं केला तरी चालतो, आणि आई स्वतः थकली असेल तर स्वतःसाठीही. तू थकतेस, ते मला तुझ्या आवाजावरून कळतं. तुझं मन सांभाळणं हा पोरांच्या मनाचाच भाग आहे, त्यात चैन काही नाही. लेकरांवर कुणी अत्याचार करत असेल, मग तो घरचा का असेना, तर १०९८ वर फोन कर. हे दोन्ही नंबर फ्रिजवर, पोरांना दिसतील असे लाव. सरकारी रुग्णालयांत वयात आलेल्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तालुक्याला चौकशी कर. गावात काय म्हणतील याचा विचार मनात आला तर एवढं आठव: पोराचा हात मोडला तेव्हा गावाला विचारून प्लॅस्टर घातलं नव्हतं.

तुम्ही दोघं भांडलात तर भांडा, पण मिटवताना पोरांसमोर मिटवा. भांडण त्यांनी ऐकलेलं असतं, समेट बंद दाराआड होतो, आणि लेकरू रात्रभर हिशोब करतं की हे आपल्यामुळे झालं का. "आमचं भांडण तुझ्यामुळे नव्हतं, ते मिटलं," हे त्याला शब्दांत सांगायला हवं.

शेवटची विनंती तुझ्या एकटीसाठी नाही, तुमच्या आळीतल्या सगळ्या बायांसाठी आहे. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की बीड आणि नगरकडून ऊसतोड कामगार येतात. त्यांच्या झोपडीला, कोपीला, धड दार नसतं. आईबाप अंधारातच फडावर जातात, पोरं मागं राहतात, थोरली बहीण आठ वर्षांची, कडेवर धाकटं. बिबट्याची भीती सगळ्यात जास्त त्यांना, आणि ती सांगायला जवळ मोठं माणूस सगळ्यात कमी. जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांचं नाव घातलंय का ते विचारा. गुरुजींना भेटा, अडलं तर चार जणी मिळून जा. आपल्या पोरांना सांगा, वर्गात त्यांना शेजारी बसवा. आणि आईबाप फडावरून येईपर्यंत ती लेकरं तुमच्या ओसरीवर, दिव्याखाली बसू देत. यंदाच्या हंगामापासून करा.